वकिलांच्या पोपटाचे पंचवीस दिवस

माझ्या वहीत प्रत्येक घराला एक पान असे. वर घराचा ठावठिकाणा, खाली जनावर, त्याचं वय, खाणं, खोडी. उजव्या कोपऱ्यात चौकट आखून एकच गोष्ट लिहिलेली असे: हे घर मला कोणी मिळवून दिलं. सत्तरच्या दशकात वाशीममध्ये माझ्यासारखं काम करणारं दुसरं कोणी नव्हतं. माणसं लग्नाला, बाळंतपणाला, देवाला गेली की त्यांच्या घरची कुत्री, मांजरं, ससे, पोपट मी सांभाळायचे. अशा कामाची पाटी लावून उपयोग नसतो. पाटी वाचून कोणी आपल्या घराची किल्ली हातात देत नाही. आधी किल्ली दिलेल्या कोणीतरी सांगावं लागतं की द्या, काळजी नाही. म्हणून ती चौकट.

माझे वडील गुरांच्या दवाखान्यात चाकरीला होते. लहानपणी मी त्या आवारातच असायचे. जखम धुणं, पट्टी बांधणं, चावऱ्या कुत्र्याचं तोंड सुतळीनं आवळणं, हे मला शाळेच्या आधी यायला लागलं. लग्नानंतर सहाव्या वर्षी नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. मी वडिलांच्या घरी परत आले, आणि दोन वर्षांत वडीलही गेले. त्याच सुमारास दवाखान्यातले डॉक्टर प्रशिक्षणासाठी महिनाभर पुण्याला निघाले आणि त्यांचा कुत्रा माझ्यावर सोपवून गेले. डॉक्टरांनी मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, त्यांची दोन मांजरं माझ्याकडे आली. बाईंनी बँकेच्या एजंटसाहेबांना, म्हणजे मॅनेजरांना सांगितलं, त्यांचा कुत्रा आला. असं करत तीन वर्षांत सात घरं झाली.

माझा एक नियम होता. मी जनावराच्या घरी जाते, जनावर माझ्या घरी येत नाही. जागा बदलली की जनावर खाणं सोडतं, आणि मग दोष सांभाळणाऱ्यावर येतो.

भाऊ मंगरूळपीरजवळच्या खेड्यात शेती करायचा. माणूस चांगला, पण बहीण एकटी राहून लोकांची कुत्री फिरवते हे त्याला पटत नव्हतं. घराला कुलूप लाव, इकडे ये, वावरात चार हात कमीच आहेत, असं दर भेटीत म्हणायचा. त्या उन्हाळ्यात आमचं एक ठरलं. मृग लागेपर्यंत माझी दहा घरं झाली तर मी वाशीमला राहायचं. नाही झाली तर त्याच्याकडे जायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. दहा हा आकडा माझाच. सात घरांत पावसाळ्याचे चार महिने रिकामे जायचे. दहा असती तर वर्ष निघालं असतं.

एप्रिलच्या शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं.

"कोर्टाला सुट्टी लागली की वकीलसाहेब नाशिकला मुलाकडे जाताहेत," त्या म्हणाल्या. "पंचवीस दिवस. त्यांच्याकडे पोपट आहे. मी तुझं नाव दिलंय."

"बाई, उपकार झाले."

"उपकाराचं सोड. त्यांच्या ओळीत आणखी तीन घरं आहेत. एकाकडे कुत्रा, दोघांकडे मांजरं. तिघी बायका वकिलीणबाईंना विचारल्याशिवाय भांडीवाली ठेवत नाहीत. तिथं जमलं की तुझी दहा झाली म्हण."

त्यांची चार घरं आणि माझी सात, मी मनातल्या मनात बेरीज केली. अकरा होत होती.

"आणि माझा शब्द आहे मध्ये," बाई म्हणाल्या. "तेवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन वकिलांच्या घरी गेले. ओट्यावर पक्षकारांसाठी लांब बाक होता आणि बाकाच्या वर पितळी पिंजरा. मी पायरी चढले तसा पोपट मान तिरकी करून म्हणाला, "राम राम, बसा." आवाज थेट वकीलसाहेबांचा, जाड आणि घशातला. बाकावरचे दोघे शेतकरी हसले. गावोगावचे मोठे जमीनदार या वकिलांकडे यायचे आणि पोपटाचा राम राम घेऊनच बसायचे. त्या वर्षी गायरानाच्या जमिनींवरून बरेच खटले चालू होते. जमीनदारांच्या बाजूनं हे वकील उभे राहत. आमच्या गल्लीतल्या दोन घरांचे नातेवाईक त्याच खटल्यांत समोरच्या बाजूला होते.

वकिलीणबाई बाहेर आल्या. मी एकेक विचारत गेले आणि लिहीत गेले. हरभरे किती वेळ भिजवायचे, मिरची किती, पाणी किती वेळा, अंघोळ कशी, मांजराला घाबरतो का, पंख कापलेत का. सोळा कलमं झाली.

"बोलतो काय काय?" मी विचारलं.

"राम राम, बसा. एवढंच. दुसरं शिकवलंच नाही."

मी ते लिहिलं आणि किल्ली मागितली. बाईंनी मान हलवली.

"घर उघडं नाही ठेवायचं. साहेबांचे कागद असतात. पिंजरा तुम्हीच घेऊन जा."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. नियम माझा होता आणि नियमाचं कारण मला माहीत होतं. पण मृगाला सव्वा महिना राहिला होता. मी बरं म्हटलं. बाईंनी हरभऱ्याचा डबा दिला, पोपटाची वाटी दिली, आणि म्हणाल्या, "खाणं आमच्या घरचंच द्या त्याला. पाण्याचं काय, ते चालेल." मी कुठल्या गल्लीत राहते हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला. मी सतरावं कलम लिहिलं: डबा वेगळा ठेवणे.

ते नाशिकला निघाले त्या दिवशी पिंजऱ्याला फडकं गुंडाळून मी तो भर उन्हात घरी आणला. माझं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत कडूनिंबाची सावली यायची आणि वारा लागायचा, म्हणून पिंजरा तिथं टांगला. वरून ओलं गोणपाट, दर दोन तासांनी पाणी मारायचं. पहिले दोन दिवस पोपट गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानं कैरीची फोड खाल्ली. चौथ्या दिवशी राम राम म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. पानावर मी रोज खाण्याच्या वेळा लिहीत होते. सगळं नीट चाललं होतं.

उन्हाळ्यात आमची गल्ली घराबाहेरच राहायची. दारासमोरून दिवसभर जा-ये. समोर एक म्हातारे गवंडी राहायचे, आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीमामा म्हणायचो. छप्पन साली मी शाळकरी पोर होते. तेव्हापासून मामांचा नेम होता. सकाळी थैली खांद्याला लावून निघाले की गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर थांबायचे, चुन्यानं बसलेला घसा एकदा खाकरायचे, आणि म्हणायचे, "जय भीम, बाई." संध्याकाळी परत येताना पुन्हा. माझ्या तर ते कानावरही पडायचं नाही, इतकं रोजचं होतं. त्यात बुद्धपौर्णिमा आली, पाहुणे आले, सगळ्या गल्लीत दिवसभर तेच.

नवव्या दिवशी सकाळी मी आत हरभरे धूत होते. बाहेर कोणीतरी खाकरलं. "जय भीम, बाई."

"जय भीम, मामा," मी आतूनच म्हटलं.

पुन्हा खाकरणं. "जय भीम, बाई."

मामा एकदाच म्हणायचे. मी हात पुसत बाहेर आले. पडवीत कोणी नव्हतं. पोपटानं माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं, मामांसारखा घसा साफ केला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला.

मी पायरीवर बसले. डोळ्यांसमोर वकिलांचा बाक आला. गायरानाच्या खटल्यातला एखादा मिशीवाला पाटील पायरी चढतोय आणि पोपट त्याला म्हणतोय, जय भीम, बाई. हसू यायला हवं होतं. आलं नाही. आलेलं काम गेलं, ओळीतली तीन घरं गेली, मुख्याध्यापिकाबाईंचा शब्द गेला, आणि मृगाला भावाच्या वावरात मी, हे एका दमात दिसलं. सतरा कलमांत तो काय ऐकेल हे कलमच नव्हतं. काय बोलतो हे मी विचारलं होतं. काय शिकेल हे विचारलं नव्हतं.

सोळा दिवस उरले होते. मी वहीचं नवं पान काढलं.

आधी पिंजरा मागच्या खोलीत हलवला. तिथं वारा नव्हता. दुपारपर्यंत पोपट चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला. पुन्हा पडवीत आणावा लागला. मग पहाटे उठून मी पिंजऱ्यासमोर बसले आणि त्याला त्याचंच जुनं शिकवायला लागले. राम राम, बसा. राम राम, बसा. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून हे शब्द मी कोणाला म्हटले नव्हते. पहिल्या दिवशी पन्नास वेळा म्हटले, ते मोजून. पोपट ऐकून घ्यायचा, कधी म्हणायचाही. पण मामा दारासमोरून गेले की सगळी मेहनत पाण्यात. एक खाकरणं पुरायचं.

बाराव्या दिवशी मी गल्ली ओलांडून मामांकडे गेले. ते ओट्यावर बसून थापी घासत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "मामा, तेरा दिवसांचा प्रश्न आहे. माझ्या दारासमोर तेवढं म्हणू नका."

मामांनी थापी खाली ठेवली. "काय म्हनू नको?"

"तुम्हाला कळलं, मामा."

"मले कळलं. तुह्या तोंडून आयकतो म्हटलं."

मी मागं वळून पडवीतल्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

"मंग काय म्हनू? तूच सांग. राम राम म्हनू? सकाळी सकाळी तूई म्हनून राह्यली म्हने. आमच्या घरची सांगत होती. मी म्हटलं, नाई वं, दुसरं कोनी असन."

"मामा, पोपटासाठी म्हणते मी."

"पोपटाचं समजते." त्यांनी थापी उचलून मांडीवर घेतली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "माह्या बापाले जोहार म्हना लागे. रस्त्यात कोनी दिसलं का वाकून, जोहार. बाप मेला तवा त्याची पाठ वाकेलच होती. आमी ते सोडलं. आता वकिलाच्या पाखरासाठी हे सोडाचं. काहून, तं त्याच्या पाटलायले वाईट वाटन."

"हातातलं काम जाईल, मामा. मी इथं राहणार नाही मृगानंतर."

"अशानं राहून तरी काय करशीन, माय?"

मी परत फिरले. मागून ते म्हणाले, "जाय. नाई म्हननार मी."

त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी थैली लावून निघाले, शेजारच्या दाराशी थांबले, खाकरले, म्हणाले; माझ्या दारासमोरून मान खाली घालून गेले; पुढच्या दाराशी पुन्हा थांबले. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. त्यानंतर माझ्या दारासमोरून कोणीच बोलत गेलं नाही. मी एका माणसाला एक शब्द म्हणू नका म्हटलं होतं. गल्लीनं माझ्या दाराशी बोलणंच बंद केलं.

नळावर मी घागर घेऊन गेले की बायका आधी एकमेकींकडे बघायच्या. त्यातली एक तोंडाची फटकळ होती. "हळू बोला, बयो," ती म्हणाली. "पोपटीन आली. वकिलाले सांगन." बाकीच्या हसल्या. मी घागर भरली. तिनंच ती माझ्या डोक्यावर ठेवायला हात लावला.

एका दुपारी शेजारची म्हातारी बाहेर ताक वाटत होती. दर उन्हाळ्यात एकदा ती सगळ्या गल्लीला ताक द्यायची. माझ्या दाराशी आली, पडवीत पिंजरा दिसला, आणि लोटा तसाच धरून पुढं गेली. रागानं नाही. कुणाच्या घरी आजारी माणूस झोपलेला असावा तशी, पाऊल न वाजवता. मी आत उभी होते. मला हाक मारता आली असती.

आणि पोपट बोलायचा थांबला नाही. उलट दारासमोर शांत झालं तसा जास्तच बोलायला लागला. रिकाम्या गल्लीत दुपारी मामांचा आवाज यायचा, खाकरून, जय भीम, बाई. मामा त्या वेळी कामावर असायचे. मी त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. उत्तर दिलं की तो पक्कं धरतो, हे मला माहीत होतं. पाच दिवस मी माझ्याच पडवीत त्या शब्दाला उत्तर दिलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी तो म्हणाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "जय भीम."

त्यानंतर मी वही मिटली. संध्याकाळी मामा कामावरून आले, मान खाली घालून जायला लागले, तेव्हा मी पायरी उतरून रस्त्यात उभी राहिले.

"जय भीम, मामा."

ते थांबले. पडवीकडे पाहिलं. "आन् पोपट?"

"पोपटाचं मी बघते. तुम्ही रोजच्यासारखे जा."

"वकील काय म्हनन?"

"तो काय म्हणायचा ते म्हणो. मी आधीच सांगणार आहे."

मामांनी मान हलवली. माफी मागायला मी तोंड उघडलं होतं, पण त्यांनी ते ऐकून घेतलं नाही. घसा खाकरला, नेमानं म्हणाले, आणि पिंजऱ्याकडे बघून म्हणाले, "नीट शीक लेका. खाकरत नोको जाऊ."

गल्लीला सैल व्हायला दोन-तीन दिवस लागले. ताक त्या वर्षी मला मिळालं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंना आधी सांगणं भाग होतं, कारण शब्द त्यांचा होता. मी गेले आणि सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"कोणाला सांगितलंस?"

"अजून कोणाला नाही. वकिलीणबाई आल्या की त्यांना सांगेन."

"कशाला? पोपट आहे तो. बोलला तर बोलला. रस्त्यावरचं ऐकलं असेल म्हण. दोन महिन्यांनी विसरेल."

"रस्त्यावरचं नाही ऐकलं, बाई. माझ्या घरचं ऐकलं."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून बाजूला ठेवली. "हे बघ," त्या म्हणाल्या, "मी तुला वाईट म्हणत नाही. पण दिवस कसे आहेत ते तुला माहीत आहे. त्यांच्यासमोर माझं नाव घेऊ नकोस. मी फक्त तू कामात चोख आहेस एवढंच सांगितलं होतं."

"नाही घेणार," मी म्हटलं.

पंचविसाव्या दिवशी सकाळी वकिलांच्या घरून निरोप आला. मी पोपटाला अंघोळ घातली, पिंजरा चिंचेनं घासला, उरलेले हरभरे डब्यात मोजून भरले. पोपट चांगला भरला होता. भर उन्हाळ्यात शेपटीचं एक पीस गळलं नव्हतं. पिंजऱ्याला फडकं बांधून मी निघाले. वाटेत तो आतून दोनदा खाकरला. मी पाऊल उचललं.

बाई घरात एकट्या भेटतील आणि त्यांच्या कानावर घालता येईल, असा माझा हिशेब होता. तो चुकला. सुट्टी संपायच्या आधीच पक्षकार यायला लागले होते. बाकावर चौघे बसलेले, वकीलसाहेब टेबलाशी, कागद उघडे. मी पायरीखाली उभी राहिले.

"बाईसाहेबांना बोलवता का?"

साहेबांनी आत हाक मारली. बाई आल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, "सोडा फडकं. बघू दे."

"आधी एक सांगायचं आहे. आत येऊन सांगू का?"

बाईंची नजर माझ्या पायांवरून उंबऱ्यावर गेली. "इथंच सांगा ना."

बाकावरचे चौघे माझ्याकडे पाहत होते. मी फडक्याची गाठ हातात धरून ठेवली.

"पोपटाची तब्येत चांगली आहे. खाणं तुमच्या डब्यातलंच दिलं. पण तो माझ्या पडवीत होता, तिथं येणारी-जाणारी माणसं बोलतात. एक नवीन शब्द शिकला आहे."

"शिवी?" साहेब कागदावरून वर न बघता म्हणाले.

"शिवी नाही."

"मंग काय म्हनते?" बाकावरच्या एका धोतरवाल्यानं विचारलं.

"जय भीम म्हणतो," मी म्हटलं.

साहेबांचं पेन थांबलं. बाकावरचा एक जण दुसरीकडे बघायला लागला. मी गाठ सोडली, फडकं काढलं आणि पिंजरा खुंटीला लावला. सगळे पोपटाकडे पाहत होते. त्यानं एक पाय वर घेतला, चोच दांडीवर घासली, आणि मामांसारखा खाकरला. पोपटानं चौघांवरून एक डोळा फिरवला. "राम राम, बसा," तो म्हणाला.

एक जण सुटल्यासारखा हसला. हसू अर्ध्यात होतं तेवढ्यात पुन्हा खाकरणं आलं, आणि मग मामांच्या आवाजात, एकेक अक्षर स्पष्ट, "जय भीम, बाई."

धोतरवाला बाकावर थाप मारून हसला. बाकीचे हसले नाहीत. वकिलीणबाईंचा चेहरा लाल झाला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"पिंजरा आत घ्या," ते बाईंना म्हणाले. "उद्यापासून आतच राहू दे." मग मला, "ठीक आहे. या तुम्ही."

मी डबा आणि वाटी पायरीवर ठेवली. पोपट कसा आहे हे घरातल्या कोणी पाहिलंही नाही.

ओळीतल्या तिन्ही घरांचा निरोप आला नाही. आठवड्यानं मुख्याध्यापिकाबाईंकडून कळलं की तिघींनी दुसरी सोय केली. बँकेच्या एजंटसाहेबांचं घर वकिलांच्या मागच्याच बाजूला होतं. त्यांनीही कळवलं की यापुढे शेजारी बघतील. सातची सहा झाली. बाईंची मांजरं माझ्याकडे राहिली, पण त्यानंतर त्यांनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. "खरं बोलायची एवढी घाई काय होती?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी गप्प राहिले असते तरी पोपट तर बोललाच असता. फक्त मी तिथं नसते.

मृगाला तीन दिवस होते. भावाचं पत्र आलं की बैलगाडी पाठवतो, सामान बांधून ठेव. मी भांड्यांची यादी करत बसले होते तेव्हा रेल्वेचा एक खलाशी विचारत विचारत दाराशी आला.

"वकिलाचा पोपट बाटवला ते बाई तुमीच काय?"

मामा समोर ओट्यावर होते. ते उठून उभे राहिले.

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

"जऊळक्याले स्टेशनावर आमच्या गावचा एक जन सांगत होता. वकिलाच्या बाकावर बसेल होता म्हने. लोकायले सांगे आन् हासे. मास्तर आयकून राह्यला होता. त्याले रजेवर जाचं आहे. दोन कुत्रे हायेत, गावात कोनी हात लावत नाई त्याइले. त्यानं बलावलं तुमाले."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जऊळक्याला गेले. स्टेशनमास्तर उत्तरेकडचे, मोडकं मराठी बोलायचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता.

"वह तोता, मई महिन्यात पंचवीस दिन तुमच्याकडे होता. दुबला झाला?"

"नाही. एक पीस गळलं नाही."

"मैंने भी वही पूछा उस आदमी को. तो म्हणाला, मोटा होऊन आला. और तुम्ही पहले ही बता दिया." ते हसले. "मेरे कुत्ते को भी कुछ सिखाओगी?"

"शिकवणार नाही, पण ऐकतील," मी म्हटलं. "मी कोणत्या गल्लीत राहते ते तुम्हाला कळलंच आहे. कुत्री माझ्या घरी नेणार नाही, मी इथं येऊन राहीन. तरी माझ्याकडे माणसं येतील, आणि ती जे म्हणतात ते म्हणतील."

"म्हणू दे. चावले नाही म्हणजे झालं."

दोन्ही कुत्री टेबलाखालून बाहेर आली. मोठीच्या कानात खरूज होती, लहानाचं एक नख वाढून आत वळलं होतं. मी त्यांचं पान सुरू केलं. एकोणीस कलमं झाली, आणि त्यांत आता ऐकण्याचंही एक होतं. मास्तर महिनाभर जाणार होते. म्हणजे सहा आणि हे एक, सात. दहा नाही. ठरल्याप्रमाणे मी हरले होते.

परतीच्या गाडीला वेळ होता. मी बाकावर बसून भावाला पत्र लिहिलं. पाच दिवस गल्लीत कोणी माझ्या दाराशी बोललं नव्हतं, ते मी काढले होते. पावसाळ्याचे चार महिने रिकामे काढणं त्याहून अवघड नव्हतं. पण हे त्याला समजावून सांगायला एक कार्ड पुरलं नसतं. म्हणून लिहिलं ते एवढंच: दहा झाली नाहीत. तरी मी येत नाही. गाडी पाठवू नकोस. निंदणीला आठ दिवस मदतीला येईन, पण त्याआधी इथली दोन कुत्री एक महिना बघायची आहेत.

पत्र स्टेशनच्या पेटीत टाकलं. मग खलाशाला हळद आणि खोबरेल मागितलं आणि मोठीचा कान धुवायला बसले.